‘आज आंघोळ केली नाही का?’

माझ्या एका जुन्या मैत्रिणीची मुलगी बंगळुरूत नोकरी करते. मूळची बेळगावची. बीटीएम लेआउटमध्ये पीजीत राहते. एका रविवारी रात्री तिचा फोन आला. आवाज अगदी खाली गेलेला. म्हणाली, “मावशी, मी थेरपी बंद केली.”

तिला नैराश्यासाठी डॉक्टरांची गोळी चालू होती आणि दर आठवड्याला थेरपिस्टकडे जाणंही. चार वेळा जाऊन झालं होतं. चौथ्या वेळी निघता निघता थेरपिस्ट म्हणाल्या, “तुम्ही जरा हायजीनकडे लक्ष द्यायला हवं. आज खोलीत वास येतोय.”

बस, एवढंच. पण ती रिक्षात बसली ती खिडकीकडे तोंड करून. पीजीत परत आली आणि पुढचे पाच आठवडे तिकडे गेली नाही. मला म्हणाली, “मावशी, त्या दिवशी मी मुद्दाम धुतलेला कुर्ता घालून गेले होते. तेवढंच जमलं होतं मला.”

तिच्या परवानगीनं हे लिहितेय. नाव लिहिणार नाही. मी डॉक्टर नाही, पण या एका वाक्यानं मला बरेच दिवस सोडलं नाही. कारण थेरपिस्टचं बोलणं खोटं नव्हतं, आणि मुलीचं दुखावणंही खोटं नव्हतं. मग चुकलं कुठे? आणि असं तुमच्या-आमच्या बाबतीत, किंवा आपल्या घरातल्या कुणाच्या बाबतीत झालं, तर काय करायचं? आज त्याबद्दल बोलू.

आंघोळ हे एक काम नाही

ज्याला बरं आहे त्याच्यासाठी आंघोळ म्हणजे दहा मिनिटांचं काम. अंगवळणी पडलेलं. पण एकदा मोजून बघा. अंथरुणातून उठायचं. टॉवेल कुठे आहे ते बघायचं. धुतलेले कपडे आहेत का, ते शोधायचे. गीझर लावायचा. थांबायचं. कपडे काढायचे, गारठा सोसायचा. पाणी घ्यायचं, साबण लावायचा, केस धुवायचे की नाही ते ठरवायचं. अंग पुसायचं, कपडे घालायचे, केस विंचरायचे, ओला टॉवेल वाळत टाकायचा. ही डझनभर कामं झाली, आणि त्यातल्या निम्म्या ठिकाणी काही ना काही ठरवावं लागतं.

नैराश्य नेमकं यावरच घाव घालतं. अंगातली शक्ती जाते, हालचाल मंदावते, साधा निर्णय घेता येत नाही, कशातच रस वाटत नाही. शिवाय ‘मी कशाच्याच लायकीची नाही’ हा विचार आत घर करून बसतो. ज्याला स्वतःची किंमतच वाटत नाही, तो स्वतःच्या अंगावर पाणी कुणासाठी घेणार?

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. असा माणूस ऑफिसला जात असतो, लॅपटॉपवर मीटिंग करत असतो. कारण तिथे बाहेरून रेटा असतो. आंघोळीला बाहेरून रेटा नसतो, विशेषतः घरून काम असेल तर. म्हणून पुष्कळदा नोकरी शाबूत असते, पण दात घासणं, केस धुणं, चादर बदलणं आधी सुटतं. बाहेरच्याला वाटतं, ‘बाकी सगळं करतो की, मग हे करायला काय झालं?’ त्या माणसालाही हाच प्रश्न पडलेला असतो, आणि उत्तर न मिळाल्यानं तो स्वतःलाच आळशी ठरवून मोकळा होतो.

आपल्याकडे ही लाज जरा जास्तच

आपल्या भाषेत न आंघोळ केलेल्या माणसासाठी एक खास शब्द आहे : पारोसा. पारोशानं देवघरात जायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. माझ्या आजीकडे तर पारोशानं कणगीतलं धान्यही काढायचं नाही असा दंडक होता. नरकचतुर्दशीला सूर्य उगवायच्या आत आंघोळ केली नाही तर नरकात जातो, हे आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलंय. कुणी घाईत दोन तांबे घेऊन आला तर ‘काकस्नान’ म्हणून हसतो. आळसानं बसून राहिलेल्या पोराला विचारतो, “काय रे, आज आंघोळीची गोळी घेतलीस का?” आणि सगळ्यात जिव्हारी लागणारं वाक्य म्हणजे, “आरशात जाऊन अवतार बघ स्वतःचा.”

यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. स्वच्छतेची सवय लावण्यासाठीच हे सगळं आलं. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की आपल्या मनात आंघोळ आणि चांगुलपणा यांची गाठ बसली. आंघोळ केलेला माणूस व्यवस्थित, न केलेला बिघडलेला. त्यामुळे कुणी ‘वास येतोय’ म्हटलं, की आपल्याला ‘तू माणूस म्हणून कमी पडलास’ असं ऐकू येतं. नैराश्यातल्या माणसाला तर तेच आधीपासून आतून ऐकू येत असतं. थेरपिस्टच्या तोंडून ते आलं, की त्यावर शिक्का बसतो.

ती मुलगी मला म्हणाली ते अगदी हेच होतं. “मावशी, आई बोलली असती तर भांडले असते. पण ती एकच खोली होती जिथे मला कुणी नावं ठेवत नव्हतं.”

मग थेरपिस्टनं बोलायचंच नाही का?

इथे मला दुसरी बाजूही मांडायला हवी.

मनाच्या आजाराची तपासणी रक्त काढून होत नाही. डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ माणसाकडे बघतात, त्याचं ऐकतात. जगभर या तपासणीची एक ठरलेली पद्धत आहे आणि तिच्यातला पहिलाच मथळा असतो ‘दिसणं आणि वागणं’. माणूस कसा चालत आला, नजर देतो का, कपडे हवामानाला साजेसे आहेत का, केस-नखं-दाढी यांची निगा आहे का, अंगाला वास आहे का. हे सगळं टिपून ठेवायचं, हे त्यांना शिकवलेलंच असतं. मागच्या महिन्यात नीटनेटका येणारा माणूस या महिन्यात चुरगळलेल्या कपड्यांत आला, तर ती आजार वाढल्याची खूण असू शकते. ताप जसा थर्मामीटरवर दिसतो, तसं हे डोळ्यांना दिसतं.

गंमत म्हणजे नैराश्य मोजायची जी प्रश्नावली सर्वांत जास्त वापरली जाते, त्या ‘पीएचक्यू-नऊ’मध्ये आंघोळीचा प्रश्नच नाही. 2001 साली प्रसिद्ध झालेली ही नऊ प्रश्नांची यादी झोप, भूक, थकवा, उदासी, एकाग्रता, जगणं नकोसं वाटणं यांबद्दल विचारते. दात शेवटचे कधी घासले, ते विचारत नाही. त्यामुळे थेरपिस्टनं स्वतः पाहिलं नाही आणि विचारलं नाही, तर ही गोष्ट वर येतच नाही. पेशंट तर लाजेनं आपणहून सांगणारच नाही.

आपल्या देशात याला सरकारी किंमतही आहे. मानसिक आजारानं माणूस किती अडला आहे हे मोजण्यासाठी इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनं ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी तयार केली. अपंगत्वाचं प्रमाणपत्र देताना ती वापरतात. तिच्यात चार भाग आहेत : स्वतःची काळजी, इतरांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकाला 0 ते 4 गुण. यातला पहिलाच भाग स्वतःच्या काळजीचा, म्हणजे अंगाची स्वच्छता, नीटनेटकेपणा, खाणंपिणं. वृद्धांच्या आणि दीर्घ आजारी माणसांच्या बाबतीत तर 1963 सालीच अमेरिकेत सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी रोजच्या जगण्यातल्या सहा गोष्टींची यादी केली होती. तिच्यातही आंघोळ आहे.

म्हणजे बघणं हे थेरपिस्टचं कामच आहे. त्याबद्दल बोलणंही कामच आहे. ‘वाईट वाटेल’ म्हणून गप्प बसणारा थेरपिस्ट पेशंटचं भलं करत नाही.

पण डॉक्टरनं ताप बघितला तर तो ‘तुम्ही फार गरम आहात, जरा लक्ष द्या’ म्हणून घरी पाठवत नाही. ताप का आलाय ते शोधतो. आंघोळीच्या बाबतीतही तेवढीच अपेक्षा आहे.

एकच गोष्ट, तीन वाक्यं

ही तीन वाक्यं वाचा.

“तुमच्या अंगाला वास येतोय. हायजीनकडे लक्ष द्या.”

“तुम्ही आंघोळ केली ना, की तुम्हाला आपोआप बरं वाटेल.”

“नैराश्यात बऱ्याच जणांना आंघोळ, दात घासणं, कपडे बदलणं अवघड होऊन बसतं. तुमचं कसं चाललंय? त्यात सगळ्यांत अवघड काय वाटतं?”

पहिल्या वाक्यात तक्रार आहे. दुसऱ्यात हेतू चांगला आहे, पण आंघोळ जमत नाही हीच तर अडचण आहे, ती तशीच राहते. तिसरं वाक्य आधी सांगतं की हे तुमच्या एकट्याचं नाही, मग विचारतं, आणि नेमकं कुठे अडतं तिथे बोट ठेवायला मदत करतं. शिवाय ते सत्र संपताना, दारात उभं राहून बोलायचं वाक्य नाही. त्याला वेळ द्यावा लागतो.

नेमकं कुठे अडतं हे विचारणं फार महत्त्वाचं आहे, कारण कारण दर वेळी नैराश्यच असेल असं नाही.

औषधांचंच बघा. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी घाम जास्त येतो. काही जुन्या गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते, लाळ कमी झाली की तोंडाला वास येतो आणि दात किडतात. काहींनी इतकी गुंगी येते की सकाळ हातातून जाते. पेशंट बिचारा आपण घाणेरडे आहोत असं समजत असतो, आणि कारण गोळीच्या पाकिटात असतं. हे डॉक्टरांना सांगितलं तर मात्रा, वेळ किंवा गोळी बदलून बघता येते. फक्त आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही.

थायरॉइड, सांधेदुखी, पाठदुखी यांनीही आंघोळ जड जाते. वयस्क माणसांना मोरीत पाय घसरायची भीती असते, पण ते ‘आज नको’ एवढंच म्हणतात. एखाद्याला लहानपणी झालेल्या अत्याचारामुळे बंद न्हाणीघरात कपडे काढायचीच भीती वाटते.

आणि पाणी? मार्च 2024 आठवा. बंगळुरूत बोअरवेल आटल्या होत्या, टँकरची वाट बघत सोसायट्या बसल्या होत्या. पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर 5000 रुपये दंड, असा हुकूम पाणीपुरवठा मंडळानं काढला होता. त्या दिवसांत बादलीभर पाण्यात दोघांनी उरकायचं, हे चांगल्या धडधाकट घरांत चाललं होतं. तेव्हा ‘आंघोळ का केली नाही’ याच्या आधी ‘नळाला पाणी आहे का’ हे विचारायला हवं होतं. पीजीत, हॉस्टेलवर, एका संडास-बाथरूमवर दहा जण असतील, तर हा प्रश्न बाराही महिने लागू आहे.

कायदा काय म्हणतो

स्वच्छता कुणाची जबाबदारी, याचं एक उत्तर आपल्या कायद्यातही आहे, आणि ते मला फार आवडलं.

1999 साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं देशातल्या 37 सरकारी मनोरुग्णालयांचा अहवाल प्रसिद्ध केला. हे काम बंगळुरूच्या निम्हान्सनं केलं होतं, तेच आपलं होसूर रोडवरचं. संडास, पाणी, कपडे यांची अनेक ठिकाणी काय दशा आहे, हे त्यातून समोर आलं. म्हणजे रुग्ण अस्वच्छ दिसत होते, कारण त्यांना स्वच्छ राहायची सोयच नव्हती. वर उवा होतात म्हणून बायकांचे केस सरसकट भादरून टाकायची पद्धत काही ठिकाणी होती. स्वच्छतेच्या नावाखाली माणसाची अब्रू जायची.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये मंजूर झाला आणि 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याचं कलम 20 सांगतं, की मानसिक आजाराच्या प्रत्येक रुग्णाला सन्मानानं जगायचा हक्क आहे. रुग्णालयात स्वच्छ जागा, खाजगीपणा, अंग झाकणारे नीट कपडे, स्वच्छतेचं सामान, आणि बायकांना पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू मिळाल्याच पाहिजेत. जबरदस्तीनं केस कापायचे नाहीत. हवे तर स्वतःचे कपडे घालू द्यायचे. कलम 28 प्रमाणे रुग्णालयातल्या सेवेबद्दल तक्रार करता येते : आधी तिथल्या प्रमुखाकडे, तिथे समाधान झालं नाही तर पुढे मंडळाकडे.

लक्षात आलं ना? कायद्यानं रुग्णाला ‘स्वच्छ राहा’ असं बजावलेलं नाही. त्याला स्वच्छ राहता येईल अशी सोय करा, असं व्यवस्थेला बजावलं आहे. चार भिंतींच्या छोट्या क्लिनिकमध्येही हीच दृष्टी चालेल, आणि आपल्या घरातही.

तुमच्या बाबतीत असं झालं तर

पहिली गोष्ट, दुखावलं गेलं तर दुखावलं. ‘एवढ्यानं काय रडायचं’ असं स्वतःला म्हणू नका.

दुसरी गोष्ट, थेरपी लगेच सोडू नका. याला कारण आहे. निम्हान्सच्या पुढाकारानं 2015-16 मध्ये 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. नैराश्य असलेल्या 100 जणांपैकी सुमारे 85 जणांना उपचार मिळतच नव्हते, असं त्यात दिसलं. जे थोडे लोक दारापर्यंत पोचतात, त्यांनी एका वाक्यामुळे परत फिरावं, हे फार मोठं नुकसान आहे.

त्याऐवजी जे वाटलं ते थेरपिस्टला सांगा. समोरासमोर जमत नसेल तर मेसेज करा. असा :

“मागच्या वेळी तुम्ही माझ्या स्वच्छतेबद्दल जे बोललात, ते मला फार लागलं. मला आंघोळ करणं खरोखर जमत नाहीये. त्यावर बोलायचं आहे, पण मला लाज वाटते.”

चार ओळी पुरेत. चांगला थेरपिस्ट हे वाचून रागावत नाही. उलट त्याला कामाची गोष्ट मिळते. आपल्यात आणि पेशंटमध्ये काही बिघडलं तर ते बोलून दुरुस्त करणं हा थेरपीचाच भाग असतो. कित्येकांच्या आयुष्यात ‘मला लागलं’ असं म्हटल्यावर समोरच्यानं ऐकून घेतल्याची ती पहिलीच वेळ असते.

पण तुम्ही सांगितल्यावरही समोरचा हसला, पुन्हा टोमणा मारला, ‘तुम्ही फारच हळव्या’ असं म्हणाला, तर खुशाल दुसरा थेरपिस्ट शोधा. ते पळून जाणं होत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. पहिल्या भेटीतच शिक्षण आणि नोंदणी विचारायला संकोचू नका. गोळीचे डॉक्टर वेगळे असतील, तर गोळी चालू ठेवून त्यांनाच दुसरं नाव विचारा.

घरच्यांनी काय करायचं

थेरपिस्टकडे आठवड्यातून एक तास जातो. बाकीचा आठवडा घरातच असतो. म्हणून घरच्यांसाठी थोडं जास्त लिहिते.

दीपिका पदुकोण आपल्या बंगळुरूतच वाढलेली. 2015 मध्ये तिनं आपल्या नैराश्याबद्दल जाहीरपणे सांगितलं. तिचं काही तरी बिनसलंय हे आधी ओळखलं ते तिच्या आईनं, आणि डॉक्टरांची मदत घ्यायला लावलं तेही आईनंच, असं तिनं सांगितलं आहे. घरच्या माणसाचं बघणं किती मोलाचं असतं, हे त्यातून कळतं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. 2016 च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ त्याला मिळालं. त्यात नैराश्यात गेलेल्या एका अनोळखी मुलाला जानकी आपल्या घरी ठेवून घेते. जेवण, झोप, मोकळी जागा मिळते, पण पोलिसी प्रश्न विचारले जात नाहीत. पाहिला नसेल तर जरूर बघा.

आता रोजच्या कामाचं. ‘बरं वाटलं की उठेन’ अशी वाट बघायची नाही, छोटी कृती आधी, बरं वाटणं मागून, अशी एक उपचारपद्धत आहे. पीटर लुइन्सन यांनी 1970 च्या दशकात तिची पायाभरणी केली. 1996 मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं, की विचारांवर काम करणाऱ्या पूर्ण थेरपीइतकाच फायदा तिच्यातल्या या कृतीच्या भागानं एकट्यानंही होतो. पण यातला ‘छोटी’ हा शब्द फार महत्त्वाचा.

पूर्ण आंघोळ जमत नसेल तर ओल्या पंचानं तोंड, मान, काखा पुसा. दात ब्रशनं जमत नसतील तर निदान खळखळून चूळ भरा. केस धुवायचा दिवस वेगळा ठेवा. उभं राहवत नसेल तर स्टुलावर बसून आंघोळ करा. सकाळी जमत नसेल तर संध्याकाळी करा, सूर्याला काही वाटत नाही. एवढंही आज जमलं नाही, तर उद्या बघू.

आणि बोलताना? “अवतार बघ” याऐवजी, “पाणी काढून ठेवलंय, टॉवेल दारावर आहे.” “किती दिवस झाले?” याऐवजी, “मी इथेच बाहेर भाजी निवडत बसते, तू जा.” झाल्यावर टाळ्या वाजवायची गरज नाही. चहा द्या. मोठ्या माणसाला लहान मुलासारखं कौतुक नको असतं. आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर याची चर्चा मुळीच नको.

एक मात्र सांभाळा. खाणंपिणंच थांबलं, अंथरुणातून उठणं बंद झालं, माणूस मरणाच्या गोष्टी बोलू लागला किंवा भ्रमात काही तरी बोलू लागला, तर छोट्या पावलांची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि त्याला एकटं सोडू नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, तिचं मुख्य केंद्र निम्हान्समध्ये आहे. नंबर 14416. फोन फुकट, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं. घरच्यांनीही सल्ल्यासाठी तिथे फोन करायला हरकत नाही.

त्या मुलीचं पुढे काय झालं

तिनं मेसेज पाठवला. लिहायला दोन दिवस लागले. पाठवल्यावर फोन उलटा करून ठेवला, म्हणे.

संध्याकाळी थेरपिस्टचं उत्तर आलं. बोलण्याची पद्धत चुकली, त्याबद्दल माफी मागितली होती, आणि ‘या, आपण यावरच बोलू’ असं लिहिलं होतं. ती गेली. या वेळी थेरपिस्टनं विचारलं, “पीजीत गरम पाणी किती वाजता येतं?”

पीजीत गरम पाणी सकाळी सहा ते आठ. रात्रीच्या गोळीनं हिला जाग यायची साडेनऊला. उठेपर्यंत पाणी गार आणि बाथरूमला रांग. आधीच जड झालेली गोष्ट, वर गार पाणी. पाच आठवडे ती स्वतःला घाणेरडी म्हणत राहिली होती आणि इतकं साधं कुणी विचारलंच नव्हतं. तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं.

डॉक्टरांशी बोलून गोळी घ्यायची वेळ थोडी अलीकडे आणली. पीजीच्या आंटींना तिनं धीर करून सांगितलं. आंटी मराठी समजत नाहीत, हिचं कन्नड बेळगावचं. पण आता आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी त्या एक बादली गरम पाणी ठेवतात आणि दारावर टकटक करून विचारतात, “स्नान आयता?”

“रोज नाही जमत अजून,” ती मला म्हणाली. “पण परवा केस धुतले, मावशी.”

मी म्हटलं, “छान. जेवलीस का?”